गावाकडच्या कॉलेजात गट समुपदेशन: मुलांना काय मिळतं आणि ते कसं चालवायचं

तालुक्याच्या कॉलेजात समुपदेशन कक्षाची पाटी असते, खोलीही असते. खोलीत बहुधा कॅरमबोर्ड, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिरातली घमेली-फावडी ठेवलेली असतात. मुलं तिकडे फिरकत नाहीत, कारण त्या दाराशी कुणी दिसलं की "याले काय झालं बाप्पा?" हा प्रश्न दुपारच्या एसटीनं त्याच्या आधी गावात पोचतो. मुलगी असेल तर प्रश्न आणखी वाकडा होतो.

गट समुपदेशनाचा पहिला फायदा इथंच आहे. दहा जण मिळून एका खोलीत गेले तर तो कार्यक्रम वाटतो, कुणा एकाकडे बोट जात नाही. हा लेख प्राध्यापक, रासेयोचे कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहांचे गृहपाल आणि समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या तरुण समुपदेशकांसाठी लिहिला आहे. विद्यार्थ्यांसाठीही शेवटी थोडं आहे.

आधी हे काय आहे ते स्पष्ट करू

आठ ते दहा विद्यार्थी, एक प्रशिक्षित समुपदेशक, जमल्यास एक सहायक. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दीड तास, असे आठ आठवडे. मुलं आपसात बोलतात. समुपदेशक त्या बोलण्याला वाट करून देतो, सांभाळतो, भरकटलं तर वळवतो. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर, पाहुण्यांचं ताणतणावावरचं भाषण, प्रार्थनेनंतरचं ध्यान, या गोष्टी चांगल्या असतील, पण त्या वेगळ्या. माझी साधी कसोटी अशी: दीड तासात समुपदेशक पाव वेळेपेक्षा जास्त बोलला तर तो तास झाला, गट झाला नाही.

कल्पना जुनी आहे. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरनं सॅनेटोरियमचा खर्च न झेपणाऱ्या गरीब क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. हेतू होता स्वच्छतेचे आणि विश्रांतीचे नियम शिकवण्याचा. पण रोगी एकमेकांना पाहूनच सावरतात, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे अर्व्हिन यालोम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं गटातून बरं वाटण्याची अकरा कारणं मांडली. आपल्याकडे त्यातली तीन-चार फार ठळक दिसतात.

मुलांना नेमकं काय मिळतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "माहं एकट्याचंच असं नाही" हे कळणं. घरातली पहिलीच पिढी कॉलेजात आलेली असते. नापास झालं तर कसं सांगायचं, हे शिकवणारं घरात कुणी नसतं. बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, वरून सावकाराचं. सोयाबीनचा भाव पडला की घरात बोलणं कमी होतं आणि पोराला वाटतं, आपल्या फीमुळंच हे झालं. पोलीस भरतीच्या मागे लागलेली मुलं पहाटे सोळाशे मीटर पळतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात आणि यादीत नाव आलं नाही की महिनाभर गावातल्या पारावरून जाणं टाळतात. मुलींच्या बाबतीत दुसऱ्या वर्षाला 'पाहुणे' येऊ लागतात. काही घरांत आत्महत्या झालेली असते आणि त्या घरातलं लेकरू ती गोष्ट शाळेपासून कुणाजवळ बोललेलं नसतं. हे सगळं दहा जणांच्या गोलात जेव्हा एकाच्या तोंडून निघतं, तेव्हा उरलेल्यांतले निदान दोघं-तिघं मान वर करून बघतात. तो क्षण एकट्याच्या समुपदेशनात येत नाही. तज्ज्ञ "हे नॉर्मल आहे" म्हणाला तर मूल मान डोलावतं. बाजूच्या गावची पोरगी "माह्या घरी बी हेच हाय" म्हणाली तर ते पटतं.

दुसरं म्हणजे मदत करण्याचा मान. घरी आणि कॉलेजात सतत उपदेश ऐकणाऱ्या पोराचा अनुभव इथं कुणाच्या तरी उपयोगी पडतो. स्वतःला बिनकामाचं समजणाऱ्या मुलावर याचा परिणाम औषधासारखा होतो, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो आहे.

तिसरं, बोलण्याचा सराव. बापासमोर, सरांसमोर, मुलाखतीत आपली मुलं गप्प होतात. मनात काही नसतं असं नाही, तोंड उघडायची सवय नसते. "मला राग आला" हे वाक्य मारामारी न करता म्हणता येतं, हे कित्येकांना पहिल्यांदा गटात कळतं.

आणि हिशेबाची बाजू. समुपदेशक आठवड्यातून एक दिवस येत असेल तर एकेकट्याला पाऊण-पाऊण तास देऊन तो फार तर सहा जणांना भेटेल. दोन गट घेतले तर तीन तासांत वीस जण होतात आणि ज्यांना खरंच एकट्यानं बोलायची गरज आहे अशा दोघा-तिघांसाठी वेळही उरतो. नैराश्य आणि चिंता यांसारख्या त्रासांत गटातले उपचार एकेकट्याच्या उपचारांच्या जवळपास बरोबरीनं काम करतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं होतं. अशा देशात "एकट्यालाच भेटू" हा हट्ट परवडणारा नाही.

आपल्याच विदर्भातला एक दाखला. 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी ताणाबद्दल लहान बैठका घेतल्या, समुपदेशन केलं, गरज पडली तिथं डॉक्टरांपर्यंत पोचवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीडेक वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माणसं येतात. त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओट्यापर्यंत जावं लागतं, एवढंच.

पहिली पायरी: कॅलेंडर आणि एसटीचं वेळापत्रक

हे सगळ्यात आधी, कारण चांगले चांगले गट इथंच मोडतात. विदर्भात सलग आठ आठवडे मिळण्याचे दोनच टप्पे आहेत. एक, पेरणी-डवरणी आटोपल्यावर, जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. दुसरा, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगणीला येतं, मग कापसाची वेचणी आणि हिवाळी परीक्षा. त्या काळात गट लावला तर तिसऱ्या आठवड्याला चारच जण उरतील. पहिल्या टप्प्यातही पोळा आणि महालक्ष्म्यांचा आठवडा सोडूनच द्या. महालक्ष्म्यांच्या दिवसांत मुली येऊ शकत नाहीत. सुट्टी आधीच जाहीर केलेली बरी, म्हणजे गैरहजेरीचा अपराधीपणा राहत नाही.

वेळ ठरवताना मुलांकडून गाड्यांच्या वेळा लिहून घ्या. चारची गाडी चुकली तर पुढची सहाची, आणि सहाच्या गाडीनं मुलगी घरी गेली तर पुढच्या आठवड्यात ती येणार नाही. साडेअकरा ते एक ही वेळ बहुतेक ठिकाणी जमते. प्रात्यक्षिकांच्या वेळेला हात लावू नका, विज्ञानाचे सर लगेच नाराज होतात.

दुसरी पायरी: प्राचार्यांकडून तीनच गोष्टी मागा

खोली, ठरलेली वेळ आणि लेखी हमी की गटात कोण आहे, काय बोललं, हे कुणी विचारणार नाही. निधी मागू नका. निधी मागितला की फाइल फिरते. सतरंजी, पाण्याचा माठ आणि चहा एवढ्यात काम भागतं.

प्राचार्य कां-कूं करत असतील तर त्यांना सांगा की २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यावी, असं त्यात आहे. गट सुरू करणं ही त्या दिशेनं सगळ्यात कमी खर्चाची सुरुवात ठरते. अहवालात लिहायलाही बरं दिसतं. हा मुद्दा प्राचार्यांना न सांगताही कळतो.

तिसरी पायरी: गट कोण चालवणार

मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेली आणि समुपदेशनाचा सराव असलेली व्यक्ती हवी. विदर्भात समाजकार्य महाविद्यालयं बरीच आहेत, तिथून सुरुवात करा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, तिला पत्र द्या. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतला मानसोपचार विभाग, यवतमाळ, अकोला, नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जवळचं एक ठिकाण 'पुढं कुठं पाठवायचं' म्हणून आधीच ठरवून ठेवा. पाठवायची वेळ आली तेव्हा नंबर शोधत बसायचं नसतं.

सहायक म्हणून कॉलेजातला एखादा शिक्षक चालतो, पण ज्याच्या हातात त्याच मुलांचे अंतर्गत गुण आहेत तो नको. शिस्त समितीतला नको. आणि गावातला पुढारी असलेला तर अजिबात नको.

भाषेचं इथंच सांगतो. समुपदेशक प्रमाण भाषेत "तुमच्या भावना व्यक्त करा" म्हणाला की मुलं ताठ बसतात आणि पुस्तकी उत्तरं देतात. वऱ्हाडीत, झाडीबोलीत बोलू द्या. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू मुलं किंवा गडचिरोलीकडची गोंडी-माडिया बोलणारी मुलं असतील तर आधी त्यांच्या भाषेत बोलून मग मराठीत सांगायची मुभा द्या, वेळ लागला तरी.

चौथी पायरी: नोटीस आणि भेट

नोटिशीत 'मानसिक' हा शब्द टाकू नका, त्यावरून 'मेंटल' म्हणून चिडवायला उशीर लागत नाही. नमुना असा:

"शनिवारी साडेअकरा ते एक. अभ्यास, घर, भरती, परीक्षा, झोप, राग, यांबद्दल आपसात मोकळं बोलायचं आहे. दहाच जागा. हजेरी नाही, मार्क नाहीत, फी नाही. जिवाला धोका नसेल तर इथलं काही घरी कळवलं जाणार नाही. नाव द्यायचं असेल तर ग्रंथालयातल्या पेटीत चिठ्ठी टाका."

चिठ्ठी टाकणाऱ्या प्रत्येकाशी आधी वीस मिनिटं एकट्यानं बोला. ही भेट टाळणारे पुढे अडचणीत येतात. तीन गोष्टी समजून घ्यायच्या: काय त्रास आहे, दहा जणांत बोलायची तयारी आहे का, आणि आत्ता गट त्याच्यासाठी योग्य आहे का. सध्या जीव द्यायचे विचार तीव्र आहेत, कानात आवाज येतात किंवा कुणी मागावर असल्याचा पक्का संशय आहे, दारू-गांजाच्या अमलाखालीच येतो, नुकताच अत्याचार झाला आहे, अशांना गटात बसवू नका. त्यांना एकट्यानं आणि लवकर तज्ज्ञांकडे पोचवा, गट नंतर.

विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल, कनिष्ठ महाविद्यालयात बहुतेक असतातच, तर पालकांची संमती घ्या. आणि हेही लक्षात ठेवा की अठराखालच्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला बोलण्याआधी सांगायची, बोलून झाल्यावर नाही.

पाचवी पायरी: कुणाला कुणाबरोबर बसवायचं

शहरात हा प्रश्न छोटा असतो, आपल्याकडे मोठा. एकाच गावचे दोन विद्यार्थी एका गटात नकोत. चुलत-मावस भावंडं नकोत. नुकतंच प्रेम तुटलेली जोडी, रॅगिंगमधले दोघं, ग्रामपंचायत निवडणुकीत समोरासमोर उभ्या राहिलेल्या घरांतली पोरं, सगळी वेगवेगळी. यासाठी भेटीच्या वेळी गाव आणि नात्यागोत्याची चौकशी करावीच लागते, लाजू नका. जातीचं मात्र उलट: एकाच जातीचा गट करू नका, पण एखाद्या समाजाचं एकटंच मूल गटात पडणार नाही हे बघा. एकटं पडलेलं मूल आठही आठवडे गप्प राहतं.

मुलं-मुली एकत्र की वेगळी? परीक्षा, भरती, करिअर या विषयांवर एकत्र गट छान चालतो. घर, लग्न, शरीर, नातं हे विषय असतील तर पहिला गट मुलींचा वेगळा करा आणि तो बाईंनीच चालवावा.

सहावी पायरी: पहिली बैठक

खाली सतरंजीवर गोलात बसायचं, समुपदेशकही खालीच. टेबल-खुर्ची मांडली की तो साहेब होतो. खिडकीतून डोकावता येणार नाही अशी खोली घ्या. मोबाइल बंद करून मध्ये ठेवायचे, समुपदेशकाचासुद्धा.

ओळख नावानं, हवं तर टोपणनावानं. मग नियम. तयार यादी वाचून दाखवू नका, "इथं मोकळं बोलता यावं म्हणून काय काय पाहिजे?" असं विचारा. मुलं स्वतःच सांगतात: हसायचं नाही, मधात बोलायचं नाही, इथलं इथंच ठेवायचं. त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा. एक नियम आपण घालायचा: सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा.

गुप्ततेचा नियम नुसता लिहून भागत नाही, त्याची तालीम करावी लागते. विचारा: "एसटीत मैत्रिणीनं विचारलं, आज तुमच्या त्या शनिवारच्या क्लासात काय झालं? तर काय म्हणशील?" प्रत्येकाकडून उत्तर म्हणवून घ्या. "अभ्यास कसा करायचा ते सांगतात" हे उत्तर सगळ्यांत सोपं आणि खोटंही नाही. आई विचारेल, भाऊ विचारेल, वर्गातला आगाऊ पोरगा विचारेल. तिन्हींची उत्तरं तयार हवीत. आणि समुपदेशकानं आपली मर्यादा तेव्हाच सांगायची: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, पण तुला सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही.

पहिल्या दिवशी खोल जाऊ नका. एखादं मूल पहिल्याच बैठकीत सगळं ओतून टाकतं आणि पुढच्या आठवड्यात लाजेनं येत नाही. त्याला हळूच थांबवा: "हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी नीट वेळ देऊ."

सातवी पायरी: मधले आठवडे

ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाचे टप्पे मांडले: जुळणं, भांडणं, सूर लागणं, काम होणं. दुसरी बैठक गोड जाते. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुरबुर होते: "इथं बोलून होते काय?", "हा एकटाच बोलते." घाबरू नका, गट जिवंत असल्याची ती खूण आहे. उत्तर न देता तोच विषय गोलात ठेवा.

चौथ्या-पाचव्या बैठकीत खरं बोलणं सुरू होतं. खालचा नमुना निरनिराळ्या गटांतलं बोलणं एकत्र करून, ओळख पुसून लिहिला आहे.

एक मुलगा म्हणतो, "दोन मार्कानं गेली भरती. दुसऱ्यांदा." मग गप्प. समुपदेशकही गप्प. अर्धं मिनिट जातं, आणि अर्धं मिनिट फार मोठं असतं. बाजूचा म्हणतो, "पुढच्या टायमाले होईन ना." समुपदेशक त्याला हातानंच थांबवून विचारतो, "हे ऐकून कोणाले स्वतःचं काही आठवलं?" पलीकडची मुलगी म्हणते, "माह्या भावाचं असंच झालं. दोन महिने घरात कोणाशी बोलला नाही. आम्हाले वाटे आमच्यावर रागावला. तो लाजत होता, हे मले आत्ता कळून राहिलं." मुलगा मान वर करतो. "मी बी नाही बोलत घरी. बाबाले वाटत असन मी रागात हावो."

यात समुपदेशकाचं वाक्य एकच आहे. त्यानं "अपयश ही यशाची पहिली पायरी" म्हटलं असतं तर हे निघालं नसतं. पुढच्या वेळेसाठी मुलाला काम मिळतं: बाबांना एक वाक्य सांगायचं. कोणतं, ते गटातच ठरवायचं आणि म्हणून बघायचं. कुणी बाप होतो, कुणी आई. या तालमीत हशा पिकतो आणि पिकू द्यावा.

उरलेल्या बैठकांत झोप, रागाच्या वेळी श्वास, अभ्यासाचे तुकडे पाडणं, "नाही" कसं म्हणायचं, अशी एखादी उपयोगाची गोष्ट वीस मिनिटं घ्या. त्याहून जास्त नाही.

अडचणीचे प्रसंग

रडू आलं तर पाणी पुढं करा आणि थांबा. "रडू नको" म्हणू नका, गर्दी करून पाठ थोपटू देऊ नका. एकटाच बोलणारा असेल तर "भाऊ, तुझं ऐकलं, आता दोघा-तिघांचं ऐकू" एवढं पुरतं. अजिबात न बोलणाऱ्याला खोदू नका. ऐकूनही बरं वाटतं, फक्त शेवटी "आज कसं वाटलं" हे एका शब्दात सगळ्यांकडून घ्या.

जातीवरून किंवा दिसण्यावरून कुणी टोमणा मारला तर तिथंच बैठक थांबवायची. नंतर एकट्याला समजावू, असं ठेवलं की ज्याला लागलं त्याच्या लेखी गट संपला.

बाहेर गोष्ट फुटली तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच. कोण बोललं याची चौकशी लावू नका. ज्याची गोष्ट फुटली त्याला काय हवं ते विचारा. काही वेळा एखाद्याला गटातून काढावं लागतं. ते एकट्यात बोलवून करायचं.

जीव द्यायची भाषा निघाली तर

सरळ विचारा: "मरून जावं असं वाटतं का? कसं, कधी, असा काही विचार केला आहे का?" विचारल्यानं डोक्यात कल्पना भरते हा गैरसमज आहे, उलट विचारल्यानं मूल सुटतं. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, एसटीत एकटं बसवू नका. घरच्या कुणावर त्याचा भरवसा आहे ते त्यालाच विचारून, त्याच्यासमोर फोन लावा. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचं औषध असतंच. ते आजच कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगा. हे किरकोळ वाटतं, पण तो तीव्र क्षण अनेकदा थोडा वेळच असतो आणि त्या वेळी हाताशी साधन नसणं जीव वाचवतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो कॉलेजच्या भिंतीवर, वसतिगृहाच्या दारावर आणि ओळखपत्राच्या मागं छापा. तातडीला १०८ किंवा ११२. "पोलीस केस होईल" या भीतीनं घरचे लपवतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं आणि तिची काळजी घेणं सरकारचं काम आहे.

उपयोग होतो आहे का, ते कसं बघायचं

पहिल्या आणि आठव्या बैठकीत नैराश्य किती आहे ते दाखवणारी, नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेता येते. गुण ० ते २७. १० किंवा जास्त असतील तर एकट्यानं भेटून तज्ज्ञांकडे पाठवायचं की नाही ते ठरवा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, त्यामुळे कागद गोळा करून घरी नेऊन चालत नाही. मुलं खोलीतून बाहेर पडायच्या आत प्रत्येक कागदावरचा नववा प्रश्न बघायचाच. आकड्यांखेरीज हजेरी, वर्गातलं बसणं, झोप, घरी केलेलं एखादं बोलणं, हे मुलांनाच विचारा.

नोंदवहीत तारीख, उपस्थितांची संख्या आणि विषय, एवढंच. नावं आणि गोष्टी समुपदेशकाच्या वेगळ्या वहीत, कुलपात, किल्ली त्याच्याकडे. कॉलेजच्या ग्रुपवर गटाचे फोटो टाकायचे नाहीत, कितीही आग्रह झाला तरी.

आठव्या बैठकीला निरोप नीट घ्या: कुणाकडून काय मिळालं ते प्रत्येकानं नाव घेऊन सांगायचं. मग महिन्यातून एकदा चहाला जमायचं. दोघं-तिघं पुढच्या गटात सहायक म्हणून येऊ शकतात, पण लगेच नको, एक सत्र जाऊ द्या.

विद्यार्थ्यांसाठी

तुमच्या कॉलेजात असं काही नसेल तर पाच जण मिळून प्राचार्यांना अर्ज द्या. एकट्याचं नाव पुढं येत नाही आणि पाच सह्यांचा अर्ज सहसा बाजूला पडत नाही. मजकूर दोन ओळींचा पुरे: "आम्हा विद्यार्थ्यांना अभ्यास, परीक्षा आणि घरचे ताण यांबद्दल गटात बोलण्यासाठी पात्र समुपदेशकाची आठवड्यातून एकदा सोय करून द्यावी. खोली आणि शनिवारी साडेअकरा ते एक ही वेळ मिळावी, ही विनंती." अर्जाची एक प्रत आवक क्रमांक टाकून परत घ्या आणि पंधरा दिवसांनी कार्यालयातल्या बाबूंना तो क्रमांक सांगून विचारा. तोपर्यंत झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर १४४१६ ला कॉलेजच्या मैदानातून, शेतातून, कुठूनही फोन करता येतो. घरच्यांसमोर करायची गरज नाही.